दोन चाकांवरचं बिऱ्हाड

(मंडळाच्या एका छोट्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



"तुमच्या त्या गाडीबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोला," असं कार्यकारिणीकडून सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुठली घेतलीस रे? सीओई केवढ्याला पडलं?" तर आधी खुलासा करतो. माझ्या गाडीला सीओई लागत नाही, पेट्रोल लागत नाही, इंजिनही नाही. सायकलच्या मागे जोडायची ही दोन चाकी गाडी आहे. तिच्यात एका माणसाच्या झोपण्याची सोय आहे आणि दोघांचं रात्रीपुरतं सामान मावतं. इंग्रजीत तिला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात. आमची सौ. तिला 'बिऱ्हाड' म्हणते, आणि ते नाव जास्त बरोबर आहे.

मी व्यवसायानं जहाजदुरुस्तीतला इंजिनियर. हजारो टनांच्या जहाजांचे नकाशे रोज बघतो, पण हातानं स्वतः काही बनवून वीस वर्षं झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये चिरंजीव दहावी-समान ओ लेव्हल आटोपून घरी बसले होते. बसले म्हणजे फोनमध्ये बसले. एके रात्री त्यानं मला एक चित्र दाखवलं. पावसाच्या थेंबाच्या आकाराचा छोटासा ट्रेलर, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर, आत दोघांपुरतं अंथरूण. "बाबा, हे आपण बनवू शकतो?"

अमेरिकेत ह्या थेंबगाड्या १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात पुढे आल्या. हॉटेलचा खर्च परवडत नव्हता, पण हाताशी लाकूड, हत्यारं आणि गॅरेज होतं, असे लोक मासिकातले आराखडे बघून त्या घरी बांधायचे. १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी काढणारे वॉली बायम हेसुद्धा सुरुवातीला घरी ट्रेलर बांधण्याचे आराखडेच विकत असत. म्हणजे मूळ कल्पना गरिबीतली आणि हौसेतली. मी चिरंजीवांना "हो" म्हणून टाकलं.

मी इतक्या पटकन हो का म्हटलं, तेही सांगतो. आम्ही पीआर. मुलगा दुसऱ्या पिढीचा पीआर, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं एनएस. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत हा विषय जेवणाच्या टेबलावर येऊन गेला असेल. आमच्याकडे तर तो वर्षभर टेबलावरच मुक्कामाला होता. सौ.चं म्हणणं, अजून वेळ आहे, पुण्याला परत जाऊ. माझं म्हणणं, आपण ह्या देशात वाढवलेल्या मुलाला असं उचलून कसं न्यायचं? आणि मुलाचं म्हणणं काय, हे आम्ही दोघांनी विचारलंच नव्हतं. त्याच्या-माझ्यात बोलणं म्हणजे "जेवलास का?" आणि "हं". एकत्र काहीतरी ठोकूया, बोलणं होईल न होईल, असा माझा हिशेब होता.

पहिला प्रश्न जागेचा. अमेरिकन माणसाला गॅरेज असतं, आम्हाला बेडोकमधला एचडीबी फ्लॅट. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये काही ठेवावं तर अग्निशमनाच्या नियमाप्रमाणे १.२ मीटर वाट मोकळी हवी. घरात राहता राहिलं ते आपलं लाडकं बॉम्ब शेल्टर! सरकारनं ते युद्धासाठी बांधून दिलंय. आपण त्यात लोणची, गव्हाचं पीठ, गणपतीची आरास आणि रिकाम्या सुटकेसेस ठेवतो. आमच्या शेल्टरच्या दाराची मोकळी रुंदी मोजली, ती भरली ७० सेंटीमीटर. म्हणून गाडीची रुंदी ठरली ६२.

दुसरा प्रश्न ओढायचं कशानं. मोटार आमच्याकडे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांचं सीओई दीड लाख डॉलरवर गेलं, तेव्हा ती आणण्याचा विचारही सोडला. शिवाय हा देश पूर्व-पश्चिम सुमारे पन्नास किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सत्तावीस. त्यात ट्रेलर ओढत जाणार कुठे? सायकलीला मात्र इथे पार्क कनेक्टरचं जाळं आहे, समुद्रकिनारा आहे, आणि ईस्ट कोस्ट पार्कमध्ये परवाना काढून तंबू ठोकता येतो. ठरलं, सायकलचा ट्रेलर.

पहिली गाडी आम्ही अमेरिकन चित्र समोर ठेवून बांधली. तळाला नऊ मिलिमीटर मरीन प्लाय, बाजूंना सहा, लांबी १.९ मीटर, छान गोलाकार छप्पर, दोन इवल्याशा खिडक्या. जालान बेसारच्या हार्डवेअरच्या दुकानांत आम्ही इतक्या खेपा घातल्या, की एक दुकानदार आम्हाला बघूनच स्क्रूचा डबा काढायचा. चाकं मिळाली भंगारवाल्याकडून. भोंगा वाजवत येणारा आपला कारंगगुनी अंकल! त्याच्याकडून एका जुन्या बाबागाडीची बारा इंची चाकं घेतली. शेजारच्या चिनी आजोबांनी न बोलावता येऊन रंधा मारून दिला आणि जाताना "टू हेवी, लाह" एवढंच बोलून गेले.

आजोबांचं खरं होतं. रिकामी गाडी भरली ३४ किलो. पण केलेल्या कामाचं इतकं कौतुक होतं, की आम्ही ऐकलं नाही. जून २०२३ च्या सुट्टीत वाजतगाजत ईस्ट कोस्टला नेली. रात्री चिरंजीव आत झोपले, मी शेजारी तंबूत. तासाभरात ते घामानं निथळत बाहेर आले. अहो, ती पेटी थंड देशातल्या माणसानं थंडी बाहेर ठेवायला काढलेली! इथे रात्रीसुद्धा पंचवीस-सव्वीस डिग्री आणि हवेत पाणी. आम्ही चक्क मोदकपात्र बांधलं होतं. त्यात पहाटे सुमात्रा स्क्वॉल आलं. एप्रिल ते नोव्हेंबर ह्या दिवसांत सुमात्राकडून येणाऱ्या वादळाच्या ह्या रांगा नेमक्या पहाटे गाठतात. वाऱ्यानं गोल छप्पर शिडासारखं धरलं आणि गाडी आडवी केली. आत कोणी नव्हतं, नाहीतर आज मी इथे हसत बोलत नसतो.

परत येताना आणखी गंमत. एका उतारावर मागची गाडी शेपटी हलवायला लागली. आधी हळू, मग इतक्या जोरात, की सायकलचं मागचं चाक उचललं गेलं आणि मी रस्त्याकडेच्या गवतात. गुडघा फुटला. चिरंजीव धावत आले. पहिलं वाक्य "बाबा, लागलं का?", आणि दुसरं, "हे असं का झालं?" मी इंजिनियर माणूस, पण त्या क्षणी उत्तर नव्हतं.

संध्याकाळी गावी आबांना फोन केला. माझे वडील वाळवा तालुक्यात असतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी कारखान्याला बैलगाडीनं ऊस घालायचे. मी सगळं सांगितलं. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला.

"आरं, उलाळ झाली तुझी गाडी! भार म्हागं टाकलायस. आखाच्या जरा म्होरं घे की."

"किती पुढे घेऊ, आबा?"

"लई म्होरं बी नको. मग धुरजड हुती आन् बैलाच्या मानंवर येतंय."

"आबा, बैल मीच आहे."

"मग तर तुला कळंलच!"

चिरंजीव शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होते. त्याला 'उलाळ' म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. बैलगाडीचा भार आखाच्या मागे गेला, की मागची बाजू बसते, पुढची धुरा वर उचलते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, ती उलाळ. भार फार पुढे गेला, की सगळं ओझं मानेवर, ती धुरजड. ट्रेलरची पुस्तकंही हेच सांगतात: एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर यावा, त्याहून फार कमी आला, की गाडी मागे लोंबकळून शेपूट हलवते. आबांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. आम्ही घरातला वजनकाटा जोडाखाली ठेवून पाहिलं. आमच्या गाडीत जोडावर भार शून्याच्याही खाली होता, म्हणजे ती काट्यावर टेकतच नव्हती! स्वयंपाकाची पेटी, पाणी, गॅसची शेगडी, सगळं त्या चित्राप्रमाणे मागच्या झाकणात होतं.

त्या दिवसापासून 'उलाळ' हा आमच्या घरचा शब्द झाला. दप्तर मागे ओढतंय? उलाळ झालंय. मी ऑफिसचं काम घरी आणून चिडचिड करतोय? "बाबा धुरजड झालाय."

दुसऱ्या गाडीला प्लाय नाही. ॲल्युमिनियमचे अँगल, नट-बोल्ट, मध्ये ताणलेलं ताडपत्रीचं कापड. चाकं वीस इंची घेतली, कारण लहान चाक झाडाच्या प्रत्येक मुळाशी अडतं आणि मोठं त्यावरून निघून जातं. सायकलला मागच्या आखाजवळ जोड बसवला. पहिला ऑनलाइन मागवलेला जोड महिन्याभरात चिरला, म्हणून जाड पोलादाचा करून घेतला आणि त्याला सुटू नये म्हणून पट्ट्याचा वेगळा फास दिला. मागे लाल दिवा, उंच काठीवर झेंडा. रिकामी गाडी १९ किलो. आम्ही खूष!

पण गाडी हलकी झाली की काय होतं? सामान वाढतं! सौ.ची यादी मी जपून ठेवली आहे: दोन चादरी जास्तीच्या, छत्र्या तीन, औषधांचा डबा, थालीपिठाची भाजणी, तवा, लोणचं, चिवडा, लाडू, पोराला रात्री भूक लागली तर केक, आणि केक नाही आवडला तर बिस्किटं. मी हसायचो, पण माझी हत्यारांची पिशवी एकटी सहा किलो होती. प्रत्येकानं आपापली काळजी त्या गाडीत भरली होती.

ह्यावर उपाय चिरंजीवांनी काढला. त्यानं एक वही केली. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक वस्तूपुढे खूण करायची, वापरली की नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत जी वापरली नाही, ती तिसऱ्या फेरीला घरी. अपवाद तीनच: प्रथमोपचार, पंक्चरचं सामान आणि पाऊस अडवायचं कापड. पहिल्या चार फेऱ्यांत वहीनं नऊ किलो कमी केले. तवा गेला. माझी हत्यारं एका मुठीत मावतील एवढी उरली. गाडी कशी सुधारावी ह्यावर मी बरंच वाचलं होतं, पण ह्या वहीइतका उपयोग कशाचाच झाला नाही. आम्हाला काय लागेल असं वाटतं आणि खरोखर काय लागतं, हे तिनं आमच्याच अक्षरात आमच्यासमोर मांडलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकदा ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये मी "टू कोपी" मागवल्या आणि मला हसू आलं. मुलाला सांगितलं, आमच्याकडे कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की बीडकडून माणसं यायची. बैलगाडीत भांडी, धान्य, अंथरुणं, कोंबड्या, मधोमध लहान पोरं. कारखान्याजवळ कोप्या उभ्या राहायच्या आणि चार-पाच महिने तेच घर. आजही येतात, आता पुष्कळसे ट्रक-ट्रॅक्टरनं. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं हंगामापुरती यायची आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की नाहीशी व्हायची. आम्ही हौसेनं जे करत होतो, ते ती माणसं पोटासाठी करतात. मुलानं विचारलं, "त्यांच्या वहीत काय असेल, बाबा?" मी म्हटलं, त्यांना वही लागत नाही. नको असलेलं त्यांच्याकडे काही नसतंच.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी एनएस करणार आहे. तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडू नका." मंडळी, दोन वर्षं टेबलावर पडलेला विषय असा कोपीच्या कपावर सुटला. घरी जाऊन सौ.ला सांगितलं. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान त्यानं तोंड उघडलं."

तिसरी गाडी २०२४ मध्ये झाली. तिच्यात छप्पर नाही, खिडक्या नाहीत, स्वयंपाकघर नाही. एक मीटरची उथळ पेटी आहे. तिचं झाकण बिजागरीवर उलगडलं, की चार पायांवर १.९ मीटरचा पलंग होतो. वर मच्छरदाणी, त्यावर उतरतं कापड, आणि चारी बाजूंनी वारा. चाकं काढता येतात. रिकामी १३ किलो. मोदकपात्रापासून इथवर यायला दोन वर्षं लागली, आणि त्यात आम्ही नवीन असं फारच थोडं घातलं. बहुतेक काम काढण्याचं होतं.

त्या डिसेंबरात, ए लेव्हल संपल्यावर, आम्ही तिला उबिनला नेलं. ईस्ट कोस्टवरून विमानतळाच्या धावपट्टीशेजारचा तो लांबलचक सरळ रस्ता धरून चांगी व्हिलेज, तिथून बंबोट. बारा माणसं जमली की बोट सुटते. नावाड्यानं आमच्याकडे, मग गाडीकडे बघून मान हलवली. आम्ही पाच मिनिटांत चाकं काढून, झाकण मिटून ती बोचक्यासारखी केली, तेव्हा त्यानं अंगठा दाखवला. सौ.ही आली होती, पहिल्यांदाच.

उबिन म्हणजे ग्रॅनाइटचं बेट. १८५१ मध्ये उभं राहिलेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाचा दगड इथलाच. खाणी कधीच बंद झाल्या. आता तिथे पाणी साठलंय आणि बगळे बसतात. दुपारी चेक जावाला गेलो. २००१ मध्ये हा किनारा भराव घालून बुजवणार होते. लोकांनी जाऊन तिथलं समुद्रजीवन नोंदवलं, आवाज उठवला आणि भराव पुढे ढकलला गेला, म्हणून आज तिथे पुलावरून भरती-ओहोटी बघता येते. सायकली बाहेर ठेवून आम्ही पुलाच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो. समोर पाण्यापलीकडे हिरवी, सपाट किनार दिसत होती.

"ते काय आहे रे?" सौ.नं विचारलं.

"टेकाँग," तो म्हणाला. जिथे इथल्या मुलांचं पहिलं सैनिकी शिक्षण होतं, ते बेट. महिन्याभरानं तो तिथेच जाणार होता.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच लांब?"

रात्री धो धो पाऊस आला. कापड टिकलं. चिरंजीव पलंगावर कोरडे, आम्ही दोघं तंबूत अर्धवट ओले. पहाटे थर्मासमधला चहा आणि घरच्या दशम्या खाल्ल्या. वहीत सौ.नं स्वतःच्या हातानं लिहिलं: छत्र्या तीन, वापरल्या नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही त्याला सोडायला फेरीतून टेकाँगला गेलो. मुलांनी शपथ घेतली, आईबापांनी त्यांच्या मेसमध्ये जेवण घेतलं, आणि फेरी आम्हाला घेऊन परत फिरली. येताना बोटीत फारसं कुणी बोलत नव्हतं. आदल्या रात्री सौ.नं त्याच्यासाठी मोठी बॅग भरली होती. त्यानं शांतपणे ती उघडली, अर्ध्या वस्तू बाहेर काढून ओळीनं पलंगावर ठेवल्या आणि म्हणाला, "आई, वही." तिनं एक लाडवाचा डबा परत आत टाकला. त्यानं तो राहू दिला.

दोन आठवड्यांनी पहिल्या सुट्टीवर घरी आला, तो केस भादरलेला, काळा झालेला आणि ताट दोनदा भरून घेणारा. सौ.नं लाडवांचं विचारलं. ते पहिल्याच दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी मिळून संपवले होते. जेवताना सांगू लागला, की पाठीवर पॅक घेऊन चालताना शेजारच्या मुलाचा पॅक सारखा मागे ओढत होता आणि खांदे दुखून तो रडकुंडीला आला होता. ह्यानं त्याचा पॅक उघडून जड वस्तू पाठीलगत आणि वर लावून दिल्या.

"त्याला म्हटलं, युवर बॅग इज उलाळ."

मी लगेच गावी फोन लावला. आबांना ते दोनदा ऐकायचं होतं.

गाडी सध्या शेल्टरमध्ये उभी आहे, फराळाच्या डब्यांशेजारी. मंडळातल्या कुणाला मुलाबरोबर ईस्ट कोस्टला एक रात्र काढायची असेल, तर जरूर घेऊन जा. चाकात हवा बघा, पाणी जास्त न्या, आणि भार आखाच्या जरा पुढे ठेवा. वही गाडीतच आहे. परत आणताना तिच्यात खुणा करायला मात्र विसरू नका.